जुने कॅमेरे धूसर नव्हते

१/
३५ मिलिमीटर फिल्मचे जुने, खिशात मावणारे कॅमेरे पुन्हा तरुणांच्या हाती दिसू लागले आहेत. रोलाय ३५, ऑलिंपस ट्रिप, ऑलिंपस एक्सए, मिनॉक्स. ही आनंदाचीच गोष्ट. खटकते ती त्यामागची एक समजूत. जुन्या कॅमेऱ्यातून निघालेले चित्र थोडे धूसर, थोडे हललेले असायचेच आणि त्या धूसरपणातच ‘जुना काळ’ वास करतो, असे सर्रास मानले जाते. मोबाइलमधील फिल्टरही याच समजुतीवर चालतात. चित्र बिघडवले की ते जुने झाले!

२/
ही समजूत चुकीची आहे आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती महागात पडते. छायाचित्र हे साधन आहे. साधनातील दोष सरसकट काळाच्या माथी मारला की त्या साधनाला प्रश्न विचारणे थांबते. प्रस्तुत धाग्याचे प्रतिपादन असे की, चांगल्या छोट्या कॅमेऱ्यांची भिंगे उत्तम होती. धूसरपणाचे मूळ बहुतेक वेळा अंतराच्या अंदाजात, हाताच्या कंपात किंवा छपाईत सापडते. आणि ते मूळ चित्रावरूनच ओळखता येते. कसे, ते क्रमाने पाहू.

३/
आरंभ जर्मनीतील वेट्झलार या गावी होतो. तेथे सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक हा यंत्रकार नोकरीस होता. काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा डोंगरात वाहून नेणे त्याच्या प्रकृतीला झेपत नसे. त्याने चित्रपटाची ३५ मिलिमीटर फिल्म घेतली, तिच्यावरील १८ × २४ मिलिमीटरची चौकट दुप्पट करून २४ × ३६ केली आणि तेवढ्या चित्रासाठी एक चिमुकला कॅमेरा घडवला. पहिला नमुना पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरचा. बाजारात ‘लायका’ या नावाने तो आला १९२५ मध्ये, लाइपझिगच्या वसंत जत्रेत.

४/
या लहानशा चौकटीत सुस्पष्टतेचा सगळा इतिहास दडला आहे. त्याआधी प्लेट मोठी असे आणि छायाचित्र बऱ्याचदा प्लेटएवढेच छापले जाई. प्लेटवरचा दोष कागदावर जसाच्या तसा, मूळ मापातच उतरे. लायकाची चौकट अवघी ८.६४ चौरस सेंटिमीटरची. तिच्यापासून पोस्टकार्डाएवढे चित्र हवे तर चौपट मोठे करावे लागते. वहीच्या पानाएवढे हवे तर आठपट. भिंगाची चूक, हाताचा कंप, अंतराचा चुकलेला अंदाज, सगळेच आठपट होते.

म्हणून छोट्या कॅमेऱ्याला सुस्पष्टता ही चैन परवडण्याजोगी गोष्ट नव्हती. ती नसेल तर त्याच्या असण्याला अर्थच नव्हता. लाइट्झमधील मॅक्स बेरेक या शास्त्रज्ञाने या कॅमेऱ्यासाठी जी भिंगे रचली, ती याच निकडीतून. ‘जुना छोटा कॅमेरा म्हणजे धूसर चित्र’ असे म्हणणाऱ्याने हा प्रारंभ ध्यानात घ्यावा. हे यंत्र जन्मालाच आले ते मोठे करूनही टिकेल असे बारीक चित्र काढण्यासाठी.

५/
पण पहिल्या लायकात एक उणीव होती. अंतर मोजण्याची सोय तिच्यात नव्हती. समोरची व्यक्ती किती दूर आहे हे डोळ्याने ठरवायचे आणि भिंगावरील आकड्यावर खूण न्यायची. ज्याला खात्री हवी असेल त्याने वेगळा अंतरमापक घेऊन कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायचा, त्यात अंतर वाचायचे, मग भिंग फिरवायचे. अंतरमापक भिंगाशी जोडलेली लायका आली ती १९३२ मध्ये.

पुढची पन्नास वर्षे प्रत्येक खिशातल्या कॅमेऱ्याने हाच व्यवहार पुन्हा केला. कॅमेरा लहान करायचा तर काहीतरी काढून टाकावे लागते. बहुतेकांनी काढला तो अंतरमापक.

६/
याचे सर्वांत देखणे उदाहरण रोलाय ३५. हाइन्झ वास्के हा त्याचा रचनाकार. व्हीसबाडेनच्या विर्गिन कंपनीत असताना त्याने या कॅमेऱ्याची कल्पना मांडली. पण ती कंपनी कॅमेऱ्यांचा धंदा आवरता घेत होती. वास्के ब्राउनश्वाइगच्या रोलायमध्ये गेला आणि १९६६ च्या फोटोकिना प्रदर्शनात त्याचा कॅमेरा जगापुढे आला. लांबी जेमतेम १० सेंटिमीटर. भिंग आत ढकलले की सिगारेटच्या पाकिटाएवढी वस्तू, आणि तरीही पूर्ण २४ × ३६ ची चौकट. पुढे उत्पादन सिंगापूरला हलले.

त्यातील भिंग झाइसचे टेस्सार. ४० मिलिमीटर, एफ/३.५. टेस्सारची मूळ रचना पाउल रुडॉल्फ यांची, १९०२ ची: चार काचा, तीन गट. झाइसने जाहिरातीत त्याला ‘गरुडाचा डोळा’ म्हटले होते. जाहिरात असली तरी हे विशेषण फारसे फसवे नव्हते.

७/
मग रोलाय ३५ मधून काढलेले कितीतरी रोल मऊ, बुळबुळीत का निघतात? समाजमाध्यमांवर त्याचे उत्तर ठरलेले असते: ‘टेस्सार नको, सोनार भिंगाचे ३५ एस घ्या.’ १९७४ साली आलेले ते भिंग अधिक प्रकाश घेते, हे खरे. ते चांगलेही आहे. परंतु दोष भिंगात नसताना भिंग बदलणे म्हणजे पायात काटा रुतलेला असताना वहाण बदलणे.

खरी अडचण दृश्यदर्शकात, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये आहे. त्यातून पाहिले असता सगळे काही नेहमीच सुस्पष्ट दिसते. रिफ्लेक्स कॅमेऱ्यात फोकस चुकला की डोळ्याला तत्काळ कळते, कारण डोळा भिंगातूनच पाहत असतो. रोलायमध्ये डोळ्याला एक साधी खिडकी मिळते. भिंगावरील खूण ६ मीटरवर आहे आणि मित्र दीड मीटरवर उभा आहे, हे ती खिडकी कधीच सांगत नाही. चूक कळते ती रोल धुऊन आल्यावर.

८/
थोडे गणित आवश्यक आहे. ज्या पट्ट्यातील वस्तू डोळ्याला पुरेशा स्पष्ट वाटतात, त्या पट्ट्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. ४० मिलिमीटरचे भिंग, अंतर दीड मीटर, छिद्र पूर्ण उघडे म्हणजे एफ/३.५: हा पट्टा सुमारे १.३७ ते १.६६ मीटरचा. अवघे ३० सेंटिमीटर. अंदाज एका वितीने चुकला की चेहरा त्याच्या बाहेर.

तेच छिद्र एफ/८ केले तर पट्टा सुमारे १.२ ते १.९ मीटर होतो. आणि एफ/८ वर खूण साधारण पावणेसात मीटरवर ठेवली तर सव्वातीन-साडेतीन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. रस्त्यावर छायाचित्रण करणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची युक्ती हीच. भर उन्हात फोकसला हात लावायचा नाही, फक्त माणूस साडेतीन मीटरच्या आत येऊ द्यायचा नाही.

९/
जवळच्या चित्राला मात्र अंतर मोजण्यावाचून पर्याय नाही, आणि त्यासाठी यंत्र लागत नाही. मराठीत मापे होतीच: वीत, हात, वाव. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, सुमारे ४५ सेंटिमीटर. दोन्ही बाहू पसरले की एक वाव, बहुतेकांच्या बाबतीत स्वतःच्या उंचीएवढी. प्रत्येकाने आपली वाव एकदा टेपने मोजून ठेवली तर कॅमेऱ्याचे अर्धे काम झाले. याहून सोपी गोष्ट म्हणजे दोरी. एक मीटर, दीड मीटर आणि दोन मीटरवर गाठी मारलेली दोरी कॅमेऱ्याला बांधावी, समोरच्याच्या हनुवटीपर्यंत ताणावी, आकडा लावावा, दोरी सोडावी. हे करताना थोडे हास्यास्पद दिसते खरे. पण चित्र हास्यास्पद येत नाही.

१०/
ऑलिंपस ट्रिप ३५ ने हीच अडचण वेगळ्या वाटेने सोडवली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आलेला आणि १९८४ पर्यंत बनत राहिलेला हा कॅमेरा. भिंगाभोवती चार चिन्हे: एका माणसाचे डोके, दोन माणसे, माणसांचा घोळका, डोंगर. म्हणजे सुमारे एक मीटर, दीड मीटर, तीन मीटर आणि अनंत. आकड्यांची भीती वाटणाऱ्या पर्यटकाला समजेल अशी ही चित्रलिपी. भिंगाभोवतीच्या सेलेनियमच्या पेशीवर प्रकाश पडतो, त्यावरून छिद्र आपोआप ठरते. बॅटरी लागत नाही. शटरचे वेग दोनच: उजेडात १/२०० सेकंद, मंद प्रकाशात १/४०. प्रकाश अगदीच अपुरा असेल तर दृश्यदर्शकात लाल पट्टी वर येते आणि शटर दबतच नाही.

या रचनेतून एक फार उपयोगी निष्कर्ष निघतो. लख्ख उन्हात ट्रिप छिद्र लहान करते, वेगही जास्त असतो. चिन्ह चुकीचे लावले तरी चित्र निभावून जाते. संध्याकाळी, मांडवात, ओसरीत मात्र छिद्र एफ/२.८ पर्यंत उघडते आणि वेग १/४० वर येतो. अंतराची चूक झाकणारे संरक्षण गेले आणि त्याच क्षणी हातही हलला. एकाच अल्बममध्ये सहलीची चित्रे रेखीव आणि लग्नाच्या मांडवातली धूसर असतात, त्याचे कारण बव्हंशी हेच. कॅमेरा तोच, हात तोच, भिंग तेच. बदलला तो प्रकाश.

११/
हाताच्या कंपाविषयी एक जुना नियम आहे: भिंग जितक्या मिलिमीटरचे, तितक्या अंशाहून संथ वेग हातात धरून वापरू नये. ४० मिलिमीटरला १/४०. हा नियम उदार आहे, कारण तो मध्यम आकाराच्या छपाईसाठी आहे. शिवाय छोटा कॅमेरा हलका असतो; बटण दाबतानाचा झटका पेलण्याइतके वजनच त्याच्यात नसते. रोलाय, ट्रिप यांच्यात भिंगातले पाकळ्यांचे शटर असते, आरसा नसतो, त्यामुळे यंत्राचा स्वतःचा धक्का नगण्य. कंप येतो तो बोटाचा. कोपरे बरगड्यांना टेकवणे, भिंतीला पाठ लावणे, श्वास सोडून मग बटण हलकेच दाबणे, यांनी जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या भिंगाने पडत नाही. तिपाई नसेल तर पुन्हा दोरीच कामास येते. तिचे एक टोक कॅमेऱ्याच्या तळाच्या स्क्रूला, दुसरे पायाखाली, आणि कॅमेरा वर ताणून धरायचा.

१२/
‘छिद्र जितके लहान तितके चित्र शार्प’ ही आणखी एक अर्धसत्य म्हण. एफ/५.६ ते एफ/८ पर्यंत ती खरी आहे. त्यापुढे विवर्तन सुरू होते: फार अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि बिंदूचा ठिपका होतो. एफ/१६ वर हा ठिपका सुमारे ०.०२ मिलिमीटरचा, एफ/२२ वर जवळपास ०.०३ चा. छोट्या फिल्मवर सुस्पष्टतेची मर्यादा मानली जाते तीही ०.०३ मिलिमीटरच. म्हणजे एफ/२२ वर अचूक फोकस केलेली वस्तूही त्या मर्यादेला जाऊन भिडते.

१३/
यंत्राचे वयही मानले पाहिजे. पन्नास वर्षांत भिंगाच्या आत तेलाचा धुरकट थर बसतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या कॅमेऱ्यात बुरशीची जाळी धरते. कधी कोणी भिंग उघडून पुन्हा बसवताना ते किंचित चुकीच्या जागी बसवलेले असते, मग ‘अनंत’ म्हणजे प्रत्यक्षात पाच मीटर ठरते. रोलायचे भिंग पूर्ण बाहेर ओढून, फिरवून अडकवावे लागते. ते अर्धवट राहिले तर फोकसचे सगळे आकडे खोटे.

हे तपासायला रोल खर्च करायचे कारण नाही. मागचे झाकण उघडावे, फिल्म जिथे बसते त्या पट्ट्यांवर दुधी रंगाची चिकटपट्टी ताणून लावावी, शटर ‘बी’ वर उघडे धरावे, खूण अनंतावर न्यावी आणि दूरच्या टॉवरकडे रोखून त्या पट्टीवरची प्रतिमा भिंगाने पाहावी. टॉवर स्पष्ट असेल तर कॅमेरा निर्दोष. पुढची जबाबदारी वापरणाऱ्याची.

१४/
उत्पादकांना आपल्या रचनेतील ही दुबळी जागा पक्की ठाऊक होती. ऑलिंपसच्या योशिहिसा मैतानी यांनी १९७९ च्या एक्सएमध्ये, सरकत्या झाकणाच्या त्या साबणवडीएवढ्या देहात, सहा काचांच्या भिंगासोबत खरा अंतरमापक बसवून दाखवला. त्याच्या दोन वर्षे आधी, १९७७ मध्ये, कोनिकाच्या सी ३५ एएफने अंतराचा अंदाज माणसाच्या हातून काढूनच घेतला होता. मोठ्या प्रमाणावर बनलेला तो पहिला ऑटोफोकस कॅमेरा.

ऑटोफोकसने जुनी चूक घालवली आणि नवी आणली. हे कॅमेरे चौकटीच्या मध्यावर काय आहे ते पाहत. नवरा-नवरी शेजारी उभे, दोघांच्या मध्ये फट, त्या फटीतून मागची भिंत: कॅमेरा भिंतीवर फोकस करी. भिंतीवरचे कॅलेंडर वाचता येते आणि नवदांपत्य धूसर, अशी चित्रे ज्या घरात आहेत त्या घरात कॅमेरा कोणत्या पिढीचा असावा, याचा एक धागा तिथे हाती लागतो. कॅलेंडर वाचता येते, ही वर दक्षिणा!

१५/
आता भारताकडे. त्या दशकांत आयातीवर कडक बंधने होती. मध्यमवर्गीय घरात रोलाय किंवा ऑलिंपस आलाच तर बहुधा परदेशातून येणाऱ्या आप्ताच्या सामानातून. घरोघरी ओळखीचा होता तो आग्फाचा क्लिक थ्री, बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला. साधा डबा, एकच साधे भिंग, फोकस कायमचा ठरलेला. १२० ची फिल्म, १२ चित्रे, प्रत्येक ६ × ६ सेंटिमीटरचे.

भिंगाच्या दृष्टीने टेस्सार आणि क्लिक थ्री यांची तुलनाच होऊ शकत नाही. तरीही जुन्या अल्बममधील क्लिकची चित्रे अनेकदा आश्चर्य वाटावे इतकी स्वच्छ दिसतात. रहस्य चौकटीत आहे. क्लिकची चौकट लायकाच्या साडेतीन पटींहून मोठी, आणि चित्र पुष्कळदा तेवढेच, कॉन्टॅक्ट प्रिंट म्हणून छापलेले, पांढऱ्या किनारीसह. मोठे केलेच नाही तर दोषही मोठा होत नाही. लायकाने उत्तम भिंगावर भार टाकला, क्लिकने मोठ्या फिल्मवर. आज त्या इवल्याशा प्रिंटचा मोबाइलने फोटो काढून, दोन बोटांनी ताणून ‘जुने फोटो असेच असायचे’ म्हणणे हा त्या डब्यावर अन्याय आहे.

१६/
क्लिकच्या चित्रांत कुटुंब दूर उभे का असते, पुढे एवढे मोकळे अंगण का दिसते, असा प्रश्न काहींना पडतो. काका-मामांना चौकट जुळवता येत नव्हती, अशी त्यावर थट्टाही होते. परंतु स्थिर फोकसच्या कॅमेऱ्यात काही पावलांच्या आतला माणूस धूसर येतो. फोटो काढणारा मागे सरकला, कारण त्याला आपला कॅमेरा ठाऊक होता. ते रिकामे अंगण म्हणजे सुस्पष्टतेसाठी मोजलेली किंमत आहे. रोलमध्ये बाराच चित्रे असताना कोणीही बेफिकीर नसतो.

१७/
यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. धूसरपणालाही सौंदर्य असते, सत्य असते. रॉबर्ट कापाची ६ जून १९४४ ची ओमाहा किनाऱ्यावरील चित्रे पाहावीत. कॉन्टॅक्स हा त्या काळातील अव्वल कॅमेरा, जोडलेला अंतरमापक, झाइसचे भिंग. आणि चित्रे हललेली. ‘लाइफ’ साप्ताहिकाने ती छापताना दोष क्षणाच्या उत्तेजनेला दिला. पुढे फिल्म वाळवताना प्रयोगशाळेत बिघडली, अशी कथा प्रसृत झाली. अलीकडे तीही अभ्यासकांनी खोडून काढण्याचा यत्न केला आहे. कापाने आपल्या १९४७ च्या आठवणींच्या पुस्तकाचे नावच ‘स्लाइटली आउट ऑफ फोकस’ ठेवले.

परंतु हा वाद काय सांगतो? धूसर चित्र समोर आल्यावर अभ्यासकांनी ‘युद्धकाळचे कॅमेरे असेच’ असे म्हणून विषय मिटवला नाही. हात हलला की फिल्म बिघडली, हा प्रश्न त्यांनी दशकानुदशके लावून धरला, कारण उत्तरावर एका माणसाच्या साक्षीचे मोल ठरणार होते. तीच चिकित्सा घरच्या अल्बमला का लागू नये?

१८/
जपानमध्ये १९६८ साली ‘प्रोव्होक’ नियतकालिकाभोवती जमलेल्या छायाचित्रकारांनी खरखरीत, हललेली, फोकसबाहेरची चित्रे मुद्दाम काढली. ताकुमा नाकाहिरा, आणि दुसऱ्या अंकापासून दाइदो मोरियामा. गुळगुळीत, नेटक्या छायाचित्रणाविरुद्धचे ते बंड होते. पण त्या बंडाला अर्थ आला तो याच कारणाने की त्या काळी जपानी कॅमेरे जगातील सर्वांत रेखीव चित्रांपैकी चित्रे देत होते. ज्याला स्वच्छ लिहिता येते त्याने गिरगोटा काढला तर ती भूमिका ठरते. फिल्टर लावून विकत घेतलेल्या धूसरपणात अशी कोणतीही निवड नसते.

१९/
आता या सगळ्याचा साधनचिकित्सेसाठी उपयोग. धूसर चित्र हाती आले की ते कोणत्या जातीचे धूसर आहे हे आधी ठरवावे.

चौकटीत कुठे ना कुठे, पुढे किंवा मागे, एखादी वस्तू लख्ख असेल तर अंतर चुकले. पायरीवरचा तांब्या स्पष्ट आणि आजोबा धूसर: भिंग निर्दोष आहे, याचा तो तांब्या साक्षीदार. सगळेच एका दिशेने ओघळले असेल, दिव्यांच्या रेघा झाल्या असतील तर हात हलला. म्हणजे प्रकाश मंद होता, वेळ सांजेची किंवा जागा घरातली. एकच व्यक्ती फिसकटलेली आणि शेजारचे स्थिर असतील तर ती व्यक्ती हलली. लहान मुले आणि पंख्यावाल्या खोल्यांतले पदर यात नेहमी असतात. मधोमध स्पष्ट आणि कडांना मऊ असेल तर साधे भिंग, क्लिकच्या जातीचे. सगळ्यावरच दुधी पडदा असेल तर भिंगावरचा धूर किंवा बुरशी.

२०/
आणि शेवटची जात सर्वांत महत्त्वाची. निगेटिव्हवर फोकस चुकला असला तरी फिल्मचे कण, ज्याला ग्रेन म्हणतात, ते स्वतः धारदारच राहतात. प्रिंट भिंगाखाली धरल्यावर कणही धूसर दिसले, किंवा दिसलेच नाहीत, तर दोष कॅमेऱ्याचा नसून मोठे करणाऱ्या यंत्राचा असण्याची शक्यता असते, किंवा ते चित्र म्हणजे प्रिंटवरून पुन्हा काढलेली नक्कल असते. अशा वेळी मूळ निगेटिव्हमध्ये आजवर कोणीच न पाहिलेले स्वच्छ चित्र असू शकते. वर्दळीच्या दुकानात घाईने निघालेल्या प्रिंटांबद्दल तर ही शंका घ्यावीच.

२१/
मराठी इतिहासलेखनाला ही दृष्टी नवी नाही. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढताना वि. का. राजवाडे यांनी बखरींच्या तुलनेत अस्सल पत्रांना मोल दिले. नकलेवर नक्कल होताना काय गळते आणि काय घुसते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. अस्सल कागदासाठी त्यांनी वाडे, माळे, अडगळी धुंडाळल्या. छायाचित्राच्या बाबतीत अस्सल कागद म्हणजे निगेटिव्ह. प्रिंट ही नक्कल. असे असता आज घरोघरी काय चालले आहे? अल्बममधल्या प्रिंटांचे मोबाइलने फोटो काढून ‘डिजिटायझेशन झाले’ म्हणायचे आणि पाकिटातल्या तपकिरी-काळ्या पट्ट्या रद्दीबरोबर काढून टाकायच्या. बखर ठेवून पत्रे जाळण्याचा हा प्रकार आहे.

२२/
हा तोटा भरून येण्यासारखा नाही आणि तो याच वर्षांत होत आहे, कारण ती घरे आता रिकामी होत आहेत. शिवाय ॲसिटेटच्या फिल्मला वय झाले की व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो, ती आक्रसते, वाकते; दमट हवेत हे लवकर होते. वास सुरू झालेल्या पट्ट्या वेगळ्या काढून आधी स्कॅन कराव्यात, बाकीच्या हवेशीर, कोरड्या जागी ठेवाव्यात, प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत नव्हे. स्कॅन निदान २४०० डीपीआयचे असावे. ३५ मिलिमीटरच्या चौकटीची लांब बाजू त्यात सुमारे ३४०० पिक्सेलची होते. पट्टीचे नुसते प्रकाशासमोर धरून काढलेले मोबाइल चित्रही प्रिंटच्या फोटोहून पुष्कळदा अधिक सांगते, मात्र कॅमेरा आणि फिल्म समांतर हवी.

२३/
ज्यांना जुना कॅमेरा घ्यायचाच आहे त्यांच्यासाठी एवढेच. सोनार की टेस्सार, या वादात पैसे घालण्यापूर्वी जवळच्या जाणत्या दुरुस्तीकाराकडून भिंग साफ करून घ्यावे, अनंत तपासावे. पहिला रोल एकाच कामी लावावा: एफ/८, उन्हाची वेळ, दोरीने मोजलेले अंतर, आणि प्रत्येक चौकटीची वहीत नोंद. धुऊन आल्यावर प्रिंट मागू नयेत. निगेटिव्ह न कापता मागावी, खिडकीच्या उजेडात धरावी, दहापट दाखवणारे भिंग लावावे आणि सर्वप्रथम डोळ्यांच्या पापण्या पाहाव्यात.